शिस्त धरणे : पिस्तूल नेमबाजीचे पहिले धडे

मराठीतला 'शिस्त' हा शब्द फारसीतून आला. त्याचा जुना अर्थ नेम असा आहे. 'शिस्त धरणे' म्हणजे बंदुकीचा नेम धरणे. पुढे हा शब्द शाळेची घंटा, रांग आणि वर्गातील शांतता यांना जाऊन चिकटला व मूळ अर्थ कोशात उरला. एन.सी.सी.च्या हिंदी पाठांत मात्र 'शिस्त लेना' हा प्रयोग अजून भेटतो. गेले वर्षभर मी दहा मीटर एअर पिस्तुलाचा सराव करीत आहे. या दोन अर्थांतील नाते मला तेथे उमगले. ज्यांना या खेळाची इच्छा आहे पण धीर होत नाही, अशा मित्रमैत्रिणींना चार उपयोगी गोष्टी सांगाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

धीर का होत नाही? सोय नाही म्हणून नव्हे. पिंपळे गुरवहून जगताप डेअरी, वाकड करीत मुळा ओलांडली की बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल लागते. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभे राहिले. 2008 च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धांतील नेमबाजी येथेच झाली. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविणाऱ्या स्वप्नील कुसाळे यानेही बालेवाडीच्याच रेंजवर सराव केला. खरी अडचण एका समजुतीची आहे. नेमबाजाचा हात दगडासारखा स्थिर असावा लागतो, असे बहुतेकांना वाटते. माझा हात लहानपणापासून थोडा कापतो. चहाचा कप धरला तर बशीवर वाजतो. "हा खेळ तुझा नव्हे, नाद सोड," असे एका जाणत्या गृहस्थांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितले. त्यांचे म्हणणे कितपत खरे, हे मी कागद-पेन्सिल घेऊन तपासावयाचे ठरविले.

दोन प्रकारची चूक

प्रथम लक्ष्याची मापे पाहू. दहा मीटरवरील कार्डावर 10 गुणांच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर असतो. छर्रा 4.5 मिलिमीटरचा. छर्रा रेषेला नुसता स्पर्शला तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्र्याचा मध्य केंद्रापासून 8 मिलिमीटरपर्यंत सरकला तरी पूर्ण दहा गुण हाती पडतात. पुढे प्रत्येक 8 मिलिमीटरला एकेक गुण कमी होत जातो.

आता हात हलतो म्हणजे काय होते? एक, सबंध पिस्तूल स्वतःशी समांतर राहून जरासे इकडेतिकडे सरकते. ते 5 मिलिमीटर सरकले तर छर्राही 5 मिलिमीटरच सरकतो, आणि गुण दहाच राहतो. दोन, मनगट मुरडते व पिस्तुलाचा कोन बदलतो. पिस्तुलावर मागे एक खाच असते आणि पुढे एक सुळका. त्याला आपल्याकडे माशी म्हणतात. या दोहोंतील अंतर साधारण 33 सेंटिमीटर. लक्ष्य दहा मीटरवर, म्हणजे तीस पट लांब. म्हणून खाचेत माशी अवघा 1 मिलिमीटर बाजूला गेली, तर कार्डावर ती चूक 30 मिलिमीटर होते आणि गुण सातावर येतो.

माझे वडील भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत. त्यांना ही आकृती दाखविली तेव्हा ते म्हणाले, "एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरच्या किंचित वर. म्हणजे तिसरा हिस्सा सूत चुकलं तर तुझा जॉब रिजेक्ट!" आमच्या कारखानदारीच्या पट्ट्यातील कोणालाही हे समजावे.

तात्पर्य असे की हाताचा कंप आणि दृष्टिरेषेचा बिघाड या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कंप कोणाला चुकलेला नाही. निरोगी माणसाच्या हातालाही सेकंदाला 8 ते 12 वेळा सूक्ष्म कंप असतोच. तो फार मोठा असेल तर गुण जातील, हे खरे. परंतु नवशिक्याचे बहुतेक गुण जातात ते दुसऱ्या चुकीमुळे, आणि ती चूक शिकून सुधारता येते.

नजर कोठे ठेवावी?

द्रोणाचार्यांच्या परीक्षेत अर्जुनाला केवळ पक्ष्याचा डोळा दिसला, ही कथा आपण सारेच ऐकत आलो. पिस्तूल हाती घेणाऱ्याने ती थोडी बाजूला ठेवावी. माणसाचा डोळा एकाच वेळी तीन अंतरांवर स्पष्ट पाहू शकत नाही. खाच, माशी आणि लक्ष्य यांपैकी एकच रेखीव दिसणार. ती माशी असली पाहिजे. लक्ष्य धूसर दिसले तरी चालते, किंबहुना ते धूसरच दिसावे. माशीच्या दोन्ही बाजूंना खाचेत प्रकाशाची सारखी फट आणि दोहोंचा माथा एका रेषेत, एवढेच पाहावयाचे. नेम काळ्या वर्तुळाच्या मध्यावर न धरता त्याच्या खालच्या पांढऱ्या भागात धरतात. काळ्यावर काळी माशी हरवते, पांढऱ्यावर ती उठून दिसते.

उभे राहण्याचेही एक सोपे गमक आहे. लक्ष्याकडे कूस करून उभे राहावे, पिस्तूल उचलावे, डोळे मिटावेत आणि उघडावेत. पिस्तूल लक्ष्याच्या डावी-उजवीकडे गेलेले दिसले, तर हाताने ओढून आणू नये. मागचा पाय थोडा सरकवावा. ओढलेला हात ऐन वेळी आपल्या जागी परत जातो.

चाप

एअर पिस्तुलाचा चाप किमान 500 ग्रॅम वजन पेलणारा असावा लागतो. तो बोटाच्या पहिल्या पेराने, सरळ मागे, वाढत्या दाबाने ओढावयाचा असतो. माशी मध्यावर आलेली पाहून 'आता!' म्हणून तो झटक्याने दाबला की मनगट मुरडते. उजव्या हाताच्या नेमबाजाचे छर्रे मग खाली डावीकडे जमू लागतात. छर्रा सुटल्यावरही एक-दोन सेकंद हात तसाच ठेवून माशीकडे पाहत राहावे.

पूर्ण स्थिरतेची वाट पाहणे किती व्यर्थ आहे, हे 25 मीटर पिस्तूल प्रकारात दिसते. त्यातील जलद टप्प्यात हात खाली ठेवून उभे राहावे लागते. खूण मिळताच तो उचलून 3 सेकंदांत एक गोळी झाडावयाची. कोल्हापूरची राही सरनोबत हिने याच प्रकारात 2018 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. अंतिम फेरीत बरोबरी झाली, आणि निकालासाठी दोनदा जादा फेरी घ्यावी लागली. मधल्या काळात कोपराच्या दुखापतीने ती खेळापासून दूर राहिली होती. तीन सेकंदांत कोणाचाही हात दगड होत नाही. त्या वेळात माशी व खाच जुळलेली ठेवून चाप सरळ ओढणे, एवढेच साधते.

हात खाली घेणे

नवशिक्याला सर्वांत अवघड जाते ते न झाडता हात खाली घेणे. पिस्तूल उचलल्यावर पाच ते आठ सेकंदांत नेम बसतो. दहा सेकंद उलटले की डोळा थकतो, श्वास अपुरा पडतो, आणि 'एकदाचे होऊन जाऊ दे' असे मन म्हणू लागते. तेव्हा हात खाली घ्यावा, श्वास घ्यावा व पुन्हा आरंभ करावा. साठ छर्र्यांना 75 मिनिटे मिळतात. घाई कोणीच करीत नाही. 'शिस्त' या शब्दाचे दोन अर्थ मला येथे एकत्र भेटले. नेम धरणाऱ्याला नेम सोडूनही देता आला पाहिजे, आणि ते कोणाच्या धाकाने नव्हे, स्वतःच्या निर्णयाने.

कार्ड वाचतानाही हाच संयम हवा. एका छर्र्यावरून खाच फिरवू नये. दहा छर्रे एका ठिकाणी गोळा झाले आणि तो पुंजका बाजूला असला, तरच खाच सरकवावी. पुंजकाच विखुरलेला असेल तर दोष खाचेत नसतो.

घरचा सराव

आमच्यासारख्या दोन खोल्यांच्या घरातही पुष्कळ करता येते. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली सुमारे एक किलोची होते, आणि पिस्तुलाचे वजनही साधारण तेवढेच असते. ती सरळ हाताने दहा सेकंद धरावी, मग तेवढीच विश्रांती घ्यावी. पिस्तूल मी क्लबचेच वापरते. रिकाम्या पिस्तुलाने कोऱ्या भिंतीसमोर चाप ओढण्याचा सराव तेथे प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली करते. समोर लक्ष्य नसल्यामुळे डोळा आपोआप माशीवर राहतो.

सुरक्षेचे नियम मात्र पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडावेत. नळी सदैव लक्ष्याच्या दिशेने. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. 'स्टॉप' म्हटले की त्या क्षणी थांबणे. पिस्तूल खाली ठेवताना नळीत सुरक्षा-दोरी घातलेली. पिस्तूल रिकामे आहे असे कोणी सांगितले तरी आपण स्वतः पाहून खात्री करावी.

माझा हात अजून कापतो. परवाच्या साठ छर्र्यांत 600 पैकी 512 गुण झाले. ते काही मोठे नव्हेत, पण त्या गृहस्थांना उत्तर म्हणून मला पुरेसे वाटतात. ज्यांना कोणी 'हा खेळ तुझा नव्हे' असे सांगितले असेल, त्यांनी आधी आपली चूक कोणत्या प्रकारची आहे ते मोजून पाहावे, आणि मग हा खेळ आपला की नाही ते स्वतः ठरवावे.