फी कळली; शिकवणार कोण, ते विचारलंत का?

बारावीचा निकाल लागला की खासगी विद्यापीठांचे फोन सुरू होतात. पलीकडचा काउन्सेलर कॅम्पस सांगतो, एसी वर्ग सांगतो, पॅकेजचा आकडा तर दोनदा सांगतो. शिकवणार कोण, हे तो आपणहून सांगत नाही आणि बहुतेक पालक विचारतही नाहीत. चार वर्षे मुलांसमोर उभा राहणार असतो तो प्राध्यापक, कॅम्पसमधला कारंजा नव्हे.

आधी साधा हिशेब करू. समजा, वर्षाचे शिक्षण शुल्क 3 लाख रुपये आहे. यूजीसीच्या नियमाप्रमाणे वर्षात किमान 180 दिवस, म्हणजे 30 आठवडे, प्रत्यक्ष शिकवणे व्हायला हवे. आठवड्याला 24 तास धरले तर 720 तास झाले. एक तास सुमारे 417 रुपयांना पडला. चार क्रेडिटच्या विषयाला सत्रात 60 तास असतात, म्हणजे तो एक विषय 25 हजारांचा. सर मीटिंगला गेले म्हणून दोन तास बुडाले, की आठशेवर रुपये गेले. वसतिगृह, मेस, परीक्षा शुल्क आणि अनामत यात धरलेली नाही. हा हिशेब प्राध्यापकाला सुनावण्यासाठी नाही. त्या 417 पैकी त्याच्या हातात किती पडतात, हे पाहिले तर त्याचीच कीव येईल. तुमच्या मुलाला मिळालेल्या विद्यापीठाचे आकडे घालून हा हिशेब घरी एकदा करून पाहा.

मुलांशी बोलले की एक तक्रार हटकून येते: सर बदलतात. ऑगस्टमध्ये एक मॅडम डेटा स्ट्रक्चर्स शिकवायला घेतात. लिंक्ड लिस्ट फळ्यावर चौकोन आणि बाण काढून समजावतात, मागच्या बाकावरची मुलेही वही उघडतात. दसऱ्यानंतर मॅडम दिसत नाहीत. कुणी म्हणते कंपनीत गेल्या, कुणी म्हणते शेजारच्या विद्यापीठात. काही दिवस तास रिकामे जातात, मग दुसऱ्या विषयाचे सर येऊन मॅडमच्याच पीपीटी वाचून दाखवतात. ट्रीजचा भाग ‘सेल्फ स्टडी’त ढकलला जातो आणि पेपरात नेमका तोच येतो. मग बाहेरचा क्लास. पदवीच्या फीवर जीएसटी नसतो, पण जीएसटीत नोंदणी असलेल्या क्लासच्या फीवर 18 टक्के लागतो. ज्या विषयाचे 25 हजार आधीच भरले, त्याचेच पुन्हा पैसे.

हे का होते, तेही समजून घ्यावे. अनेक ठिकाणी नेमणुका वर्षा-दोन वर्षांच्या कराराने होतात. शिकवण्याबरोबर प्रवेशाच्या काळात पालकांना फोन करणे, नॅकच्या फायली भरणे, शनिवारी ओपन हाउसला उभे राहणे हेही प्राध्यापकाच्याच गळ्यात पडते. पीएचडी पूर्ण झाली किंवा बरा पगार दिसला की हुशार माणूस निघतो. थांबतो तो कधी निष्ठेने, कधी नाइलाजाने.

दुसरी बाजूही मुलेच सांगतात. वर्ग लहान असला तर शिक्षक नावाने ओळखतात, केबिनचे दार उघडे असते, रात्री अकराला पाठवलेल्या कोडमधली चूक सकाळी दाखवून देतात. अभ्यासक्रम बदलायला अभ्यास मंडळांची वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत नाही. उद्योगातून आलेला शिक्षक पुस्तकात नसलेल्या चार गोष्टी सांगून जातो. मात्र माहितीपत्रकावर झळकणारा मोठ्या कंपनीतला चेहरा नियमित शिकवणार आहे की सत्रात एक व्याख्यान देणार आहे, हे विचाराच. यूजीसीने 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ हे पद आणले. किमान 15 वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला नेट किंवा पीएचडीशिवाय घेता येते, पण अशी पदे मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत, असे यूजीसीच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. पद चांगले आहे. फक्त अशा तज्ज्ञाच्या फोटोवर सगळा विभाग चालतो असे समजू नये.

आता शिक्षकांची यादी कशी तपासायची, ते पाहू. यूजीसीच्या 2023 च्या विद्यार्थी तक्रार निवारण नियमांप्रमाणे प्रवेश सुरू होण्याच्या किमान 60 दिवस आधी माहितीपुस्तिका जाहीर करावी लागते. तीत फी आणि जागांबरोबर प्रत्येक शिक्षकाची शैक्षणिक पात्रता, अनुभव आणि तो नियमित आहे की व्हिजिटिंग, हेही द्यायचे असते. गुळगुळीत कागदावरच्या पुस्तिकेत ते पान नसेल तर मागा. ‘वेबसाइटवर आहे’ म्हणाले तर तिथेच बसून उघडायला लावा.

त्याहून उपयोगी कागद म्हणजे एनआयआरएफला पाठवलेली माहिती. क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थेला ती आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. शेवटची पाने शिक्षकांच्या तक्त्याची असतात: नाव, वय, पद, पात्रता, महिन्यांत मोजलेला अनुभव, रुजू झाल्याची तारीख. रुजू होण्याच्या रकान्यावरून फक्त बोट फिरवा. निम्म्या तारखा गेल्या वर्षीच्या असतील तर मुलांच्या ‘सर बदलतात’ या तक्रारीचा पुरावा तिथेच सापडला. नॅकच्या स्वयंमूल्यमापन अहवालातही पूर्णवेळ आणि पीएचडीधारक शिक्षकांची संख्या असते. श्रेणीचे अक्षर पाहून थांबू नका, तो आकडा पाहा. अभियांत्रिकीच्या पदवीला एआयसीटीईचे प्रमाण 20 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे आहे. विभागातली एकूण मुले भागिले नियमित शिक्षक, एवढे गणित कुणालाही येते.

साध्या पदवी अभ्यासक्रमांसाठी सहायक प्राध्यापकाला नेट, सेट किंवा नियमांत बसणारी पीएचडी लागते. आपल्याकडची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. पात्रता असली म्हणजे शिकवता येतेच असे नाही, हे आपण सगळ्यांनी भोगले आहे. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा, पण प्रवेश कक्षाने पुढे केलेल्या नव्हे, मेसबाहेर उभ्या असलेल्या. ‘शिक्षक कसे आहेत?’ असे विचारले तर ‘ठीक आहेत’ एवढेच मिळेल. त्यापेक्षा मागच्या सत्रात किती विषयांचे शिक्षक मध्येच बदलले, सबमिशनच्या आठवड्यात सर भेटतात का आणि कमी हजेरीची डिफॉल्टर लिस्ट कधी लागते, हे विचारा.

एक फरक ध्यानात ठेवा. पुणे किंवा मुंबई विद्यापीठाशी संलग्न, पण स्वायत्त नसलेल्या महाविद्यालयात बहुतेक अंतिम पेपर विद्यापीठ काढते. खासगी विद्यापीठ महाविद्यालयांना संलग्नता देत नाही. तिथे शिकवणारा, पेपर काढणारा आणि तपासणारा बहुधा एकच असतो. शिक्षक चांगला असेल तर हे वरदान, नसेल तर मुले गप्प बसतात, कारण इंटर्नलचे गुण त्याच्याच हातात. म्हणून प्रवेशाआधीच दरपत्रक मागा: बॅकलॉगच्या पेपरला विषयामागे किती, फेरतपासणीला किती, समर टर्मला किती, हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली आणि डिटेन झाले तर सत्राची फी पुन्हा भरायची का. हे आकडे लेखी घ्या. काउन्सेलरचा ‘तसं काही लागत नाही’ हा शब्द पावतीवर येत नाही.

सवलतीचा मुद्दा तर फीच्या आकड्याइतकाच मोठा आहे. महाराष्ट्र सरकारने 2024-25 पासून वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. मात्र प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून हवा, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे यातून वगळली आहेत. सिम्बायोसिस इंटरनॅशनल किंवा नरसी मोनजी ही अभिमत. एमआयटी वर्ल्ड पीस, फ्लेम, अमिटी मुंबई ही राज्याच्या कायद्याने झालेली खासगी विद्यापीठे. पाटीवरचे नाव सारखेच वाटते, पण मुलगी कॅपमधून महाविद्यालयात गेली तर शून्य आणि अशा विद्यापीठात गेली तर पूर्ण फी, एवढा फरक पडू शकतो. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीलाही हीच अट आहे. कर्ज काढावेच लागले तर व्याजावर प्राप्तिकरात, जुनी करप्रणाली निवडली असेल तर, कमाल 8 वर्षे वजावट मिळते.

प्रवेश घेतला आणि पहिल्याच महिन्यात वर्गात शिक्षक नाहीत असे दिसले, तर घाई करा. यूजीसीच्या 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या 15 दिवस किंवा त्याहून आधी रद्द केल्यास प्रक्रिया शुल्क वजा जाता पूर्ण फी परत मिळते; तारीख उलटून 15 दिवसांपर्यंत 80 टक्के, 30 दिवसांपर्यंत 50 टक्के, नंतर काही नाही. काही वर्षी यूजीसी याहून सवलतीच्या तारखा जाहीर करते: 2024-25 साठी 30 सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि 31 ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये कपात असे होते. यंदाचे परिपत्रक पाहून घ्या. मूळ गुणपत्रिका आणि दाखला अडवून ठेवण्याचा अधिकार संस्थेला नाही.

तिथेच शिकायचे असेल आणि तक्रार करायची असेल, तर आधी विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज द्या. तिने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झाले नाही तर निर्णय मिळाल्यापासून 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. अर्ज एकट्याने न देता वर्गातल्या दहा-वीस सह्यांनी द्यावा. इंटर्नलची भीती तेवढी विभागली जाते. ग्राहक न्यायालयाच्या भरवशावर राहू नये. शिक्षण ही विकत घेण्याची वस्तू नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये पी. टी. कोशी प्रकरणात घेतली होती आणि राष्ट्रीय आयोगानेही 2020 मध्ये तीच उचलून धरली.

फी भरण्याच्या दिवशी शिक्षकांच्या यादीचे पान तारखेसह छापून घ्या आणि पावतीला टाचून ठेवा. लोकपालासमोर तोच कागद कामाला येतो.