गाडीची धाव आणि उष्णतेने होणारे प्रसरण

घन पदार्थ तापला की त्याचे आकारमान वाढते व निवाला की पुन्हा कमी होते. उष्णतेने पदार्थाचे कण अधिक जोराने कंप पावतात आणि त्यांच्यातील सरासरी अंतर वाढते, हे त्याचे कारण होय. वजन मात्र तेवढेच राहते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविताना लोहार याच नियमाचा उपयोग करतो.

प्रसरण किती होते?

तपमान एक अंश सेल्सिअसने वाढल्यास लोखंडाची लांबी दहा लाखांत सुमारे १२ भागांनी वाढते. रुंदी व जाडीही त्याच प्रमाणात वाढत असल्याने आकारमानाची वाढ जवळजवळ तिप्पट, म्हणजे दहा लाखांत ३६ भाग इतकी होते. दीड मीटर व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे ४.७१ मीटर भरतो. त्याची धाव ५०० अंशांनी तापविल्यास तिचा घेर निदान २८ मिलिमीटरने वाढतो. तापलेले कडे आतल्या बाजूस फुगून त्याची पोकळी लहान होईल, असा काहींचा समज असतो. तो बरोबर नाही. कडे सर्व दिशांनी सारख्या प्रमाणात वाढते, म्हणून पोकळीही मोठीच होते.

धाव बसविताना

१. थंड धावेचा आतील घेर चाकाच्या घेरापेक्षा किंचित कमी ठेवावा. तो फार कमी ठेवल्यास धाव आवळताना आरे वाकतात व सांधे फुटतात.
२. धावेभोवती गोवऱ्या रचून ती सर्वत्र सारखी तापवावी.
३. धाव चढविताच सर्व बाजूंनी पाणी ओतावे. विलंब झाल्यास लाकूड जळते.
४. मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे.

उन्हाळ्यात धाव सैल का होते?

याचा सर्व दोष उन्हाला देऊ नये. तपमान २० अंशांनी वाढले तरी वरील धावेचा घेर जेमतेम एक मिलिमीटरने वाढतो. खरे कारण निराळे आहे. कोरड्या हवेत लाकडातील ओल उडून जाते व चाक आकसते. चाक पाण्यात भिजविल्यास लाकूड फुगते व धाव काही काळ घट्ट बसते. परंतु लाकूड वाळताच ती पुन्हा सैल होते. अशा स्थितीत भरलेली गाडी रस्त्यावर नेल्यास धाव निसटून बैलांना व माणसांना इजा होण्याचा संभव असतो. ज्या गावांत लाकडी चाकांच्या गाड्या अद्याप वापरात आहेत, तेथील ग्रामसेवकांनी ही गोष्ट शेतकऱ्यांना समजावून द्यावी आणि सैल धाव वेळीच लोहाराकडून कमी करून पुन्हा चढवून घेण्यास सांगावे.