फ्रेंच शिकायची तर इंग्रजीला रजा द्या

कॅनडात १९६९ पासून इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही केंद्र सरकारच्या अधिकृत भाषा आहेत. तरीही २०२१च्या जनगणनेत क्वेबेक प्रांताबाहेर या दोन्ही भाषांत संभाषण करू शकणारे शेकडा साडेनऊच निघाले. क्वेबेकमध्ये मात्र हे प्रमाण ४६ टक्क्यांच्या वर आहे. ज्याला इंग्रजी येते त्याचं या देशात सहसा कुठे अडत नाही, आणि अडल्याशिवाय भाषा तोंडात बसत नाही.

मी ओंटारिओत वाढले. घरात मराठी होती, पण शाळा, मैत्रिणी, वाचन, विचार सगळं इंग्रजीत. चौथीपासून शाळेत सक्तीची फ्रेंच होती, ती परीक्षेपुरती आली. विद्यापीठात असताना केंद्र सरकारच्या ‘एक्सप्लोर’ शिष्यवृत्तीवर मी क्वेबेकमधल्या त्र्वा-पिस्तोल या गावी गेले आणि पुढे एक सत्र एक्सचेंज विद्यार्थिनी म्हणून माँट्रियलला राहिले. त्यातून जे शिकले, ते पुढे जाणाऱ्या मुलामुलींसाठी लिहिते आहे.

१. आधी लहान गाव, मग मोठं शहर

त्र्वा-पिस्तोल सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण काठावर आहे. ओंटारिओच्या वेस्टर्न विद्यापीठाची तिथली फ्रेंच शाळा १९३२ साली सुरू झाली. पाच आठवडे गावातल्या एखाद्या कुटुंबात राहायचं आणि वर्गात, जेवताना, रस्त्यात फ्रेंचच बोलायची, अशी शिस्त. शिकवणी, राहणं आणि जेवण शिष्यवृत्तीतून, प्रवासखर्च आपला. वाण्याकडे, टपालात, बसची चौकशी करताना इंग्रजीचा आधार फारसा मिळत नाही. ही अडचणच खरी शिक्षिका आहे. माँट्रियलला थेट गेलं, तर पहिल्याच दुकानात इंग्रजी भेटते.

२. समोरचा इंग्रजीवर आला, तरी आपण येऊ नये

माँट्रियलमध्ये दुकानदार ‘बाँजूर-हाय’ असं दोन्ही भाषांत स्वागत करतात. ही सवय क्वेबेकमध्ये इतकी चर्चेत आली, की २०१७ साली तिथल्या विधानसभेने एकमताने ठराव करून फक्त ‘बाँजूर’ म्हणण्याचं आवाहन केलं. आपल्या उच्चारावरून इंग्रजी ओळखू आली, की काउंटरपलीकडचा माणूस सौजन्याने लगेच इंग्रजीत बोलू लागतो. अशा वेळी एक वाक्य तयार ठेवावं: “मी शिकते आहे, फ्रेंचमध्येच बोलाल का?” बहुतेक माणसं हे ऐकून खुलतात, सावकाश बोलतात, शब्द सुचवतात. त्यासाठी थोडा धीटपणा लागतो आणि तो रोज लागतो.

३. भाषेमागचं दुखणं समजून घ्या

एकेकाळी माँट्रियलमधले मोठे उद्योग इंग्रजी भाषकांच्या हातात होते. बहुसंख्य असूनही फ्रेंच भाषकांना वरच्या जागांसाठी साहेबाची भाषा बोलावी लागे. क्वेबेकच्या १९७७च्या ‘कायदा १०१’ने काम, व्यापार आणि शिक्षणात फ्रेंचला मानाची जागा दिली. हा इतिहास कळला, की दुकानांच्या पाट्या कोणत्या भाषेत असाव्यात यावरचे वाद तऱ्हेवाईक वाटत नाहीत. इंग्रजीत वाढलेल्या मुलीने अडखळत का होईना फ्रेंच बोलावी, याचं मोल तिथल्या वडीलधाऱ्यांना का वाटतं, हेही समजतं.

४. घरातली मराठी सोबत न्या

माझ्या वर्गातल्या इंग्रजी भाषक मुलांना फ्रेंचमध्ये टेबल स्त्रीलिंगी आणि पुस्तक पुल्लिंगी का, हे पचत नव्हतं. तीन लिंगं सांभाळणाऱ्या मराठीत वाढलेल्या मुलीला दोन लिंगांचं ओझं वाटू नये. यजमानीणबाईंना आधी मानाचं ‘वू’ म्हणावं आणि त्यांनी सांगितल्यावर ‘त्यू’वर यावं, हेही तू-तुम्हीमुळे सहज कळतं. क्वेबेकमध्ये या ‘त्यू’तला ‘त’ आपल्या ‘चूल’मधल्या ‘च’कडे झुकतो आणि काही स्वरांआधीचा ‘द’ आपल्या ‘जाड’मधल्या ‘ज’कडे. पाठ्यपुस्तकातल्या पॅरिसच्या उच्चारांत हे सापडत नाही, मराठी कान मात्र ते चटकन पकडतो. नवी भाषा शिकताना इंग्रजी बाजूला ठेवायची, घरची भाषा नव्हे.

५. लहान वाक्यांत मोठं माणूस म्हणून जगायला शिका

सगळ्यात अवघड हेच. डोक्यात राजकारण, पुस्तकं, मतं असतात आणि तोंडात “सूप छान आहे” एवढंच येतं. तेव्हा गप्प बसण्याऐवजी विचारत राहावं. यजमानीणबाई स्वयंपाक करताना शेजारी उभं राहावं, तूर्तिएर हा मांस भरलेला पदार्थ कसा करतात ते विचारावं, आपण मांस का खात नाही ते सांगावं, कांदे चिरावेत. घरातल्या लहान मुलांबरोबर खेळावं. ती न संकोचता चूक दुरुस्त करतात आणि तेच वाक्य न कंटाळता पुन्हा म्हणतात.

६. परतल्यावर भाषा वाऱ्यावर सोडू नका

ओंटारिओतही पाच लाखांहून अधिक फ्रेंच भाषक आहेत. रेडिओ-कॅनडाच्या फ्रेंच बातम्या रोज ऐकाव्यात, फ्रेंच बोलणारी एक मैत्रीण जोडावी आणि तिच्याशी ठरवून फ्रेंचच बोलावी.

७. जे मागितलं, ते देताही यावं

मी क्वेबेकच्या लोकांकडे थोडा वेळ आणि धीर मागितला, आणि त्यांनी तो दिला. मराठी शिकणाऱ्यांना आपण तो देतो का? मुंबईत एखादा तमिळ किंवा बिहारी शेजारी मराठीत सुरुवात करतो आणि आपण प्रेमानेच हिंदीत उत्तर देतो. परदेशात वाढलेली भाचवंडं सुट्टीत पुण्याला आली, की त्यांची सोय म्हणून सगळं घर इंग्रजी बोलू लागतं. या सौजन्यामुळेच ती माणसं भाषेच्या उंबऱ्याबाहेर राहतात. कोणी अडखळत मराठी बोलू लागलं, तर मराठीतच उत्तर द्या. थोडं सावकाश बोला आणि त्याचं वाक्य त्यालाच पूर्ण करू द्या.