अक्षरांचे शहर

जर्मनीला जाणारे प्रवासी हायडेलबर्ग हे शहर आवर्जून पाहतात. तेथील किल्ला, विद्यापीठ आणि नेकार नदी यांची कीर्ती मोठी आहे. महाकवी इक्बाल १९०७ साली तेथे राहिले होते. नदीकाठच्या एका रस्त्याला त्यांचे नाव दिलेले आहे. तो रस्ता पाहून मी परत निघालो. विमान रात्रीचे होते आणि हातात चार तास मोकळे होते. म्हणून जवळच्याच मानहाइम शहरात उतरलो.

या शहराची शिफारस मला कोणीही केली नव्हती. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत त्याचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. पुढे तेथे साध्या, चौकोनी इमारती उभ्या राहिल्या. त्यामुळे बहुतेक प्रवासी येथे फक्त गाडी बदलतात.

सामान स्थानकावर ठेवून मी पायी निघालो. साठ मीटर उंचीचा पाण्याचा मनोरा ओलांडून जुन्या शहरात शिरलो. पाहतो तो काय, बहुतेक रस्त्यांना नावेच नाहीत! कोपऱ्यांवरच्या पाट्यांवर ‘पी ५’, ‘क्यू ५’ अशी अक्षरे आणि आकडे. एका दुकानापाशी उभ्या असलेल्या वृद्ध गृहस्थांना मी विचारले, “हे काय आहे?”

ते हसून म्हणाले, “सोपे आहे. राजवाड्याकडे पाठ करून उभे राहा. समोर सरळ मोठा रस्ता. डाव्या हाताला ए ते के, उजव्या हाताला एल ते यू. मोठ्या रस्त्यापासून जितके दूर जाल, तितका आकडा वाढेल.”

मुलांनो, वहीत चौकटी आखून पाहा, म्हणजे ही रचना चटकन कळेल. १६०७ साली हे शहर वसवले, तेव्हाच त्याचे रस्ते असे सरळ आखले होते. येथे नाव नाही, चौकाला क्रमांक आहे. एकदा हिशेब समजला, की नकाशा खिशात ठेवावा. मीही तसेच केले.

चाकांच्या इतिहासात या शहराचे स्थान मोठे आहे. १८१७ साली कार्ल ड्राइस यांनी पायाने रेटत चालवायची दोन चाकांची गाडी येथेच रस्त्यावर आणली. तीच सायकलची पूर्वज. कार्ल बेंझ यांची मोटारही येथलीच. पण मला अधिक कौतुक वाटते ते त्यांच्या पत्नी बेर्था यांचे. १८८८ साली पतीला न सांगता दोन मुलांना घेऊन त्या मोटारीने सुमारे शंभर किलोमीटरवरच्या माहेरी गेल्या! वाटेत इंधन संपत आले, तेव्हा त्यांनी ते औषधाच्या दुकानातून विकत घेतले.

शेवयांसारखे दिसणारे आइस्क्रीमही १९६९ साली येथेच निघाले. ते मी खाल्ले. ईदच्या शेवयांची सर त्याला नाही, पण वाईटही नाही.

बाजारचौकाच्या आसपास तुर्की दुकानेच दुकाने होती. १९६१ साली जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले. ते कारखान्यांत राबले आणि येथेच स्थायिक झाले. एका दुकानात काचेच्या छोट्या पेल्यातून बिनदुधाचा चहा घेतला. असरची वेळ झाली होती. दुकानदाराने युंगबुश या मोहल्ल्याची वाट दाखवली.

युंगबुश म्हणजे बंदराला लागून असलेली कामगारांची वस्ती. तेथे सुलतान सलीम यांच्या नावाची मोठी मशीद आहे. तिच्या अगदी जवळ कॅथलिक पंथाचे चर्च आहे. मशीद बांधायचे ठरले, तेव्हा काही रहिवाशांनी विरोध केला होता. १९९५ साली ती उघडली. तिची दारे इतर धर्मीयांसाठीही खुली ठेवण्यात आली आणि शाळांतील मुलांचे गट ती पाहायला येऊ लागले.

नमाज अदा करून मी बाहेर आलो. समोरच्या फुटपाथवरून एकाच नजरेत मशिदीचा मिनार आणि चर्चचा मनोरा दिसत होता. घड्याळात पाहिले. गाडीला पाऊण तास होता. स्थानकाची वाट मी कोणाला विचारली नाही. आकडे मोजत निघालो.