हौशी मोटार-शर्यतीतील संभाषण-रेडिओ : निवड आणि मांडणी

शर्यतीच्या मोटारीत बसलेला चालक एका अर्थी अगदी एकटा असतो. डोक्यावर शिरस्त्राण, छातीवर आवळलेले पट्टे, कानांत इंजिनाचा गडगडाट. पाठीमागे काय चालले आहे ते लहानशा आरशात मावेल तेवढेच त्याला दिसते. त्याच्या गाडीखालून धूर निघू लागला तर तो बहुधा प्रथम इतरांना दिसतो, त्याला नव्हे. अशा वेळी ‘गाडी थांबव, बाहेर पड’ हे चार शब्द त्याच्या कानी पोहोचतात की नाहीत, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. हे शब्द पोहोचविण्याचे साधन म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलता येईल असा रेडिओ.

धंदेवाईक संघांपाशी हे काम पाहणारे अभियंते असतात. हौशी संघापाशी चारपाच मित्र, एक जुनी गाडी आणि मोजका पैसा एवढेच भांडवल असते. अमेरिकेत अशा संघांच्या शर्यती चांगल्या रुजल्या आहेत. २००६ साली तेथे ‘ट्वेंटीफोर अवर्स ऑफ लेमन्स’ ही मालिका सुरू झाली. फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या विख्यात शर्यतीच्या नावाची ती थट्टा आहे. बोलभाषेत ‘लेमन’ म्हणजे घेणाऱ्याला फसविणारी, सदा नादुरुस्त गाडी. सुरक्षिततेची साधने वगळता गाडीवर पाचशे डॉलरांहून अधिक खर्च झालेला नसावा, हा या मालिकेचा मूळ दंडक. अशा गाडीत रेडिओ बसवावयाचा तर तो स्वस्तच घेतला जाणार हे उघड आहे. स्वस्त रेडिओ वाईट असतोच असे नाही. तो वाईट रीतीने बसविला जातो, हे मात्र नित्य घडते.

उदाहरणादाखल कॅलिफोर्नियातील विलोज गावाजवळचा थंडरहिल हा शर्यतीचा मार्ग घेऊ. त्याची एक फेरी सुमारे ४.८ किलोमीटरांची असून तीत पंधरा वळणे आहेत. पाचव्या वळणाशी रस्ता एका टेकडीच्या माथ्यावरून जातो. चढताना पलीकडचा उतार दिसत नाही. पेट्रोल भरण्याची आणि दुरुस्तीची जी जागा, जिला ‘पिट’ म्हणतात, तेथे उभ्या असलेल्या मित्राच्या हातातील रेडिओ आणि टेकडीआड गेलेली गाडी यांच्यामध्ये मातीचा ढीग उभा राहतो. दुकानातील खोक्यावर मात्र ‘पस्तीस मैलांचा पल्ला’ असे छापलेले असते.

हे पस्तीस मैल आले कोठून? या कामाचे रेडिओ-तरंग जवळजवळ प्रकाशासारखे सरळ जातात. आकाशक, ज्याला व्यवहारात एरियल किंवा अँटेना म्हणतात, तो जमिनीपासून जितका उंच तितके त्याचे क्षितिज दूर. मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्यास ४.१ ने गुणावे, म्हणजे हे अंतर किलोमीटरांत मिळते. मोटारीच्या छपराची उंची १.४ मीटर धरली तर तिचे क्षितिज सुमारे ५ किलोमीटरांवर येते. पिटमध्ये ६ मीटर उंचीच्या खांबावर एरियल लावला तर त्याचे सुमारे १० किलोमीटरांवर. दोन्हींची बेरीज १५ किलोमीटर झाली. एका डोंगराच्या शिखरावरून दुसऱ्या शिखरावर बोलल्यास पस्तीस मैलही साधतील, आणि खोक्यावरचा आकडा अशाच कल्पित शिखरांचा असतो. शर्यतीच्या मार्गावर अंतर हा प्रश्नच नसतो. प्रश्न असतो आडोशाचा : टेकडी, प्रेक्षकांचे मंडप, उभे ट्रक आणि स्वतः गाडीचा पत्रा.

म्हणून अधिक वॉटचा रेडिओ घेण्याची घाई करू नये. मोकळ्या जागेतसुद्धा पल्ला दुप्पट व्हावयाचा तर शक्ती चौपट करावी लागते, आणि टेकडीआड ती चौपट शक्तीही फारसे काही करीत नाही. तोच पैसा खांबावर आणि छपरावरील एरियलवर खर्चावा.

आता कंप्रतेची निवड. येथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे. १९३३ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील बेयॉन गावच्या पोलिसांनी आपल्या मोटारींत दोन्ही बाजूंनी बोलण्याचे रेडिओ बसविले. त्या काळच्या पद्धतीत आवाजाच्या चढउतारानुसार तरंगाची उंची कमीजास्त केली जाई. परंतु मोटारीच्या इंजिनात पेट्रोल पेटविणारी प्रत्येक ठिणगी हीसुद्धा एक लहानसा प्रेषकच असते. हर्ट्‌झने १८८७ साली आपले तरंग ठिणगीतूनच निर्माण केले होते, आणि जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात दुरून घंटा वाजवून दाखविली तीही ठिणगीच्याच साहाय्याने. इंजिनाची ठिणगी तरंगाच्या उंचीत ढवळाढवळ करते आणि संभाषण खरखरीत बुडते. त्याच १९३३ मध्ये एडविन आर्मस्ट्राँग यांना एका वेगळ्या पद्धतीचे एकस्वाधिकार मिळाले. तीत तरंगाची उंची तशीच ठेवून त्याची कंप्रता कमीजास्त करतात. उंचीतील ढवळाढवळ ग्राहक-यंत्र कापून टाकते. १९४० मध्ये डॅनियल नोबल या प्राध्यापकांनी कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांसाठी या पद्धतीची योजना उभारली, आणि मोटारीतील रेडिओ खऱ्या अर्थाने उपयोगी झाला.

हा इतिहास हौशी संघाच्या थेट कामाचा आहे. सत्तावीस मेगॅहर्ट्‌झच्या नागरी पट्ट्यातील जुने रेडिओ अजूनही स्वस्तात मिळतात. पण ते बहुधा जुन्या पद्धतीचे, ठिणगीची खरखर ऐकविणारे असतात. शिवाय तेथील तरंगलांबी ११ मीटर असल्याने तिच्या चौथ्या हिश्श्याचा पूर्ण एरियल पावणेतीन मीटरांचा होतो. शर्यतीच्या गाडीवर तो मिरवता येणार नाही. याउलट १५४ मेगॅहर्ट्‌झला तरंगलांबी दोन मीटरांहून थोडी कमी, म्हणजे एरियल ४९ सेंटिमीटरांचा. ४६२ मेगॅहर्ट्‌झला तो अवघा १६ सेंटिमीटरांचा. आखूड तरंग मोटारीच्या खिडकीतून आणि इमारतींच्या फटींतून सहज ये-जा करतात. लांब तरंग टेकडीच्या माथ्यावरून पलीकडे थोडे अधिक वळतात. थंडरहिलसारख्या मार्गावर मी १५४ च्या बाजूचा पट्टा पसंत करीन. सपाट मैदानावर आणि इमारतींच्या गर्दीत कदाचित उलट मत देईन.

परंतु कंप्रता ही आपल्या मर्जीची वस्तू नव्हे. अमेरिकेत विनापरवाना वापरता येणारे ४६२ व ४६७ मेगॅहर्ट्‌झचे घरगुती रेडिओ आहेत. त्यांची शक्ती फार तर २ वॉट असते आणि त्यांचा एरियल कायमचा जोडलेलाच असला पाहिजे असा नियम आहे. म्हणजे छपरावरचा एरियल त्यांना लावताच येत नाही. त्याच पट्ट्यातील अधिक शक्तीच्या सेवेस परवाना लागतो. तो दहा वर्षांचा असून एका व्यक्तीला व तिच्या कुटुंबाला लागू होतो. चार मित्रांचा संघ म्हणजे कुटुंब नव्हे, हे कित्येकांच्या ध्यानात येत नाही. १५१ ते १५४ मेगॅहर्ट्‌झमधील पाच वाहिन्या मात्र विनापरवाना असून तेथे २ वॉटपर्यंत शक्ती आणि बाहेरचा एरियल दोन्ही चालतात. लहान संघाला हीच सोय उत्तम. भारतात चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथे किंवा कोइमतूरला शर्यतीस उतरणाऱ्याने अमेरिकन पट्ट्यांचे रेडिओ मागवू नयेत. येथे २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगॅहर्ट्‌झ हा अरुंद पट्टा अल्पशक्ती साधनांसाठी परवानामुक्त केला आहे. यंत्रही मान्यताप्राप्त नमुन्याचे असावे लागते.

वाहिन्या पाच आणि गाड्या पन्नास, तर गर्दी होणारच. कंप्रता कमीजास्त करण्याच्या पद्धतीचा एक गुण येथे दोष ठरतो : एकाच वाहिनीवर दोघे बोलले तर ग्राहक-यंत्र दोहोंतील बलवान तरंग उचलते आणि दुबळ्याला जवळजवळ पुसून टाकते. यावर विक्रेते ‘गुप्त वाहिनी’चा उपाय सांगतात. वस्तुतः ती गुप्त नसते. बोलण्याबरोबर एक मंद, कानाला न जाणवणारा स्वर पाठविला जातो आणि तो स्वर नसलेले बोलणे आपल्या यंत्रात मुके राहते, एवढेच. शेजारी संघ बोलतच असतो. आपल्याला तो ऐकू येत नाही इतकेच. आपल्या चालकाची हाक त्याच्याखाली चिरडली गेली तरी कारण कळत नाही. मी म्हणेन, पहिल्या दिवशी हा स्वर बंद ठेवावा, सर्व वाहिन्या अर्धा तास ऐकाव्यात आणि त्यांतली सर्वांत शांत ती घ्यावी.

आता मांडणीकडे वळू. संघांची खरी परीक्षा येथेच होते. तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याचा एरियल अर्धाच असतो. त्याचा उरलेला अर्धा भाग म्हणजे त्याच्या पायथ्याशी पसरलेला धातूचा पत्रा. म्हणून एरियलची जागा छपराच्या मध्यावर. काठावर किंवा गाडीच्या आतील संरक्षक नळ्यांना चिकटून बसविला तर तरंग एका बाजूस झुकतात. छप्पर काचतंतूचे असल्यास खालून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लावावा. १५४ मेगॅहर्ट्‌झसाठी एरियलभोवती सर्व बाजूंना सुमारे अर्धा मीटर. एरियलच्या बुडाशी छपराचा रंग खरवडून धातू उघडा केला पाहिजे. ही पाच मिनिटांची कामगिरी टाळल्यामुळे जितके रेडिओ मुके झाले असतील, तितके यंत्र बिघडल्याने झाले नसतील.

केबलकडेही तसेच दुर्लक्ष होते. बाजारात मिळणारी बोरूच्या जाडीची साधी केबल गाडीतील दोन मीटरांपुरती ठीक आहे. पिटमधील खांबासाठी तीच दहा मीटर वापरली तर ४६० मेगॅहर्ट्‌झला निम्म्याहून अधिक शक्ती केबलीतच जिरते; १५४ ला एक तृतीयांशाहून थोडी अधिक. खांबाला जाड केबल लावावी. मग मापकाने परतणारी शक्ती पाहावी. विहिरीतील लाट काठावर आपटून मागे फिरते, तसा एरियलशी न जुळलेला तरंग केबलीतून परत येतो. मापकावरील गुणोत्तर दीडच्या आत असले तर समाधान मानावे; ते तीन झाले तर चौथा हिस्सा शक्ती परत येत आहे असे समजावे आणि प्रथम प्लगचा सांधा तपासावा.

यंत्राला वीज कोठून द्यावी? शर्यतीच्या गाडीला एक मुख्य खटका असतो. अपघातात तो ओढला की सारी वीज तुटते, आणि तशी ती तुटलीच पाहिजे. त्या क्षणी गाडीच्या विजेवर चालणारा रेडिओही मुका होतो. यासाठी स्वतःची बॅटरी असलेला हातातला रेडिओ, एरियल बदलता येईल अशा नमुन्याचा, घट्ट चौकटीत बसवून वापरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. जनित्राची शिट्टीही मग ऐकू येत नाही. चौकट मात्र स्क्रूंनी आवळलेली हवी. गाडी उलटली तर सुटा रेडिओ दगडासारखा फेकला जातो.

आवाजाचा प्रश्न कानाशी आणि ओठांशी सुटतो. शिरस्त्राणातील ध्वनिग्राहक दोन्ही बाजूंनी उघडा असतो. दूरचा गोंगाट त्याच्या पडद्याच्या दोन्ही अंगांवर सारखाच आदळून बराचसा मिटतो, जवळचा शब्द एकाच अंगावर पडतो. म्हणून तो ओठांना जवळजवळ टेकलेला असावा. बोटभर दूर गेला की त्याचा गुण संपतो. कानांत साधे ध्वनिक्षेपक ठेवून आवाज वाढवीत बसण्यापेक्षा कान बंद करणाऱ्या बोळ्यातच बसविलेले क्षेपक घ्यावेत. गोंगाट कमी झाला की आवाज वाढवावा लागत नाही. संघातील सर्व शिरस्त्राणांचे प्लग एकाच पद्धतीने जोडलेले असावेत. रात्री तीन वाजता चालक बदलताना हे न जुळणे फार महागात पडते. बोलण्याचे बटण सुकाणूवर असते आणि त्याची तार प्रत्येक वळणावर पिळली जाते, तेव्हा ती गुंडाळीची घ्यावी व एक जादा तार पेटीत ठेवावी.

बोलण्याची शिस्त थोडक्यात सांगतो. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलावे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि ‘थांबू नको’चे ‘नको’ तेवढे उरते. वळणावर चालकाशी बोलू नये. त्याला उत्तर द्यावयास सवड नसेल तर त्याने बटण दोनदा दाबावे. रेडिओ बंद पडल्यास कोणत्या फेरीला आत यावयाचे हे आधीच ठरलेले असावे. मार्गावरील पंचांची निशाणे मात्र रेडिओपेक्षा नेहमीच श्रेष्ठ : पिवळे निशाण दिसले आणि कानात ‘रस्ता मोकळा आहे’ असे ऐकू आले, तर निशाण खरे मानावे.

शेवटी शिरस्त्राणाच्या तारेविषयी. ती रेडिओशी साध्या ओढीने सुटणाऱ्या प्लगनेच जोडावी, पिळाच्या किंवा अडकवणीच्या प्लगने कधीही नाही. पेटत्या गाडीतून बाहेर पडणाऱ्या माणसाने मान मागे ओढली जाऊन अडकता कामा नये. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक चालकाला गाडीत बसवावे, पट्टे आवळावेत, डोळे मिटावयास सांगावे आणि घड्याळ लावून बाहेर यावयास लावावे. ज्याची तार अडकेल, त्याचा प्लग त्याच रात्री बदलावा.