पाठीवरचे स्वयंपाकघर

सह्याद्रीतील दुर्गभ्रमण असो वा हिमालयातील पदभ्रमण, मुक्कामासाठी भांडी निवडताना प्रथम वजनाचा ताळेबंद मांडावा. स्टीलची घनता ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट असते. साहजिकच तेवढ्याच आकाराचे व जाडीचे ॲल्युमिनियमचे पातेले सुमारे एक-तृतीयांश वजनाचे भरते. शिवाय ते उष्णता सर्वत्र सारखी पसरविते. चिंच-कोकम घातलेल्या आंबट पदार्थांसाठी मात्र हार्ड ॲनोडाइज्ड पातेले घ्यावे. टायटॅनियम हलके व मजबूत असले, तरी महाग. शिवाय त्यात खिचडी चटकन तळाला लागते.

दोघांसाठी दीड लिटरचे एक पातेले, घट्ट झाकण, सांडशी, चमचा, लहान सुरी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली काडेपेटी पुरेशी होते. झाकणामुळे इंधन वाचते. ३,००० मीटर उंचीवर पाणी सुमारे ९० अंश सेल्सिअसलाच उकळते; त्यामुळे डाळ शिजण्यास फार वेळ लागतो. तेथे भाजलेल्या रव्याचे उपीट किंवा पोहे सोयीचे.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे. कितीही गारठा असला, तरी बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नये. ज्वलनातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग वा गंध नसतो; तो झोपेतच प्राणघातक ठरू शकतो.