उंबरठ्याच्या आतील बालशिक्षण

‘अंगणवाडी’ हा शब्द शासकीय कागदपत्रांत आता इतका रुळला आहे की, त्यातील ‘अंगण’ सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. या शब्दाचे मूळ त्या वेळच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या गावी सापडते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले व अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाईंनी त्यापूर्वी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगर येथे बालमंदिराचे काम केले होते आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला होता. बोर्डीत मात्र शहरी बालमंदिराची रीत जशीच्या तशी लागू पडेना. गरीब वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत पोहोचतच नसत. कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेले असे, तर कोणी आईच्या मागे कामावर गेलेले असे. तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. मॉंटेसरीच्या महागड्या साधनांची जागा बिया, खडे, पाने आणि शिंपल्यांनी घेतली. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले आणि तेथील आदिवासी मुलांमध्ये पुढे कित्येक वर्षे चालू राहिले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा प्रारंभ झाला आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. यथावकाश अंगणवाडीला इमारत मिळाली, नोंदवह्या आल्या, वजनकाटा आला. हे सर्व आवश्यकच होते. तथापि या प्रवासात अंगण मागे पडले, हेही खरे. तीन ते सहा वर्षांचे बालक अंगणवाडीत दिवसाचे काही तास असते. तीन वर्षांखालील बालकाचा अंगणवाडीशी संबंध बहुधा लसीकरण, वजन आणि घरपोच आहार एवढ्यापुरताच येतो. उरलेला सारा वेळ ते घरी असते, आणि शिकणे तर त्याचे अखंड चालूच असते. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होते, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये नमूद केलेले आहे. म्हणजेच शाळेच्या पटावर नाव चढण्याआधीच शिक्षणाचा मोठा टप्पा उंबरठ्याच्या आत पार पडलेला असतो.

असे असूनही, अक्षरओळख नसलेल्या आईला ‘तुमच्या मुलाला तुम्ही काय शिकविता?’ असे विचारले, तर ‘आम्ही काय शिकविणार, आम्ही अडाणी’ हेच उत्तर बहुतेक ठिकाणी मिळते. हा समज चुकीचा आहे. तो दूर करणे हे बालशिक्षणाच्या क्षेत्रातील आज शिल्लक असलेले सर्वांत मोठे काम होय.

जमैकातील एक प्रयोग

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. अशा बालकांचा प्रश्न निघाला की, चर्चा साहजिकच आहाराकडे वळते. आहाराचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु खुरटलेल्या बालकाला आहाराच्या जोडीला आणखी काय द्यावे लागते, याचे उत्तर शोधण्याचा एक चिकाटीचा प्रयत्न जमैका या बेटावरील किंग्स्टन शहरात झाला. तेथील गरीब वस्त्यांतील ९ ते २४ महिन्यांची, वाढ खुंटलेली १२९ बालके १९८६-८७ मध्ये निवडण्यात आली. त्यांचे चार गट केले गेले. एका गटाला पूरक आहार मिळाला. दुसऱ्या गटातील घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जात आणि बालकाशी कसे बोलावे, कसे खेळावे, हे आईला करून दाखवीत. तिसऱ्या गटाला दोन्ही मिळाले आणि चौथ्याला यांपैकी काहीच नाही. खेळणी घरातल्याच टाकाऊ वस्तूंपासून बनविलेली असत. हा क्रम दोन वर्षे चालला.

सॅली ग्रॅंथम-मॅग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बालकांचा पाठपुरावा ती मोठी होईपर्यंत सोडला नाही. वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या सुमारास केलेल्या पाहणीत, ज्यांच्या घरी त्या भेटी झाल्या होत्या त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक आढळली. हा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ पूरक आहार मिळालेल्या गटात कमाईचा असा फरक दिसला नाही. यावरून आहार दुय्यम ठरवू नये, कारण बालकांची संख्या थोडी होती आणि उपाशी बालक खेळतही नाही. परंतु एक गोष्ट येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. त्या भेटी देणाऱ्या स्त्रिया उच्चशिक्षित तज्ज्ञ नव्हत्या, त्या आपल्याकडील अंगणवाडी सेविकेसारख्या वस्तीपातळीवरच्या कार्यकर्त्या होत्या. शिवाय शिकविण्याचे काम त्यांनी स्वतःकडे न घेता ते आईच्या हाती सोपविले.

सूप, मापटे आणि चिंचोके

हेच काम आपल्या घरांत करावयाचे म्हटले, तर साहित्याची वाण पडू नये. धान्य निवडणे हे रोजचे काम घ्या. सुपात ज्वारी पसरलेली असते आणि आई खडे वेचत असते. शेजारी बसलेल्या चार वर्षांच्या मुलापुढे मूठभर मटकी, मूग आणि हुलगे एकत्र करून ठेवले व वेगळे करावयास सांगितले, तर रंग, आकार व स्पर्श यांवरून वर्गीकरण करण्याचा तो उत्तम पाठ होतो. बोटांच्या चिमटीला वळण लागते ते निराळेच. पुढे पेन्सिल धरावयाची असते ती याच चिमटीत. भाकरीच्या पिठाचा लहानसा गोळा हाती देणे, गडूतून वाटीत पाणी न सांडता ओतू देणे, पोळ्याच्या आधी मातीचे बैल करू देणे, दिवाळीत किल्ल्याचा चिखल तुडवू देणे, या सर्वांतून हात तयार होतो. वारली वस्तीत भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्र काढणाऱ्या आईजवळ बसलेल्या मुलाला रेषेची आणि जागेच्या मांडणीची जी जाण येते, ती विकतच्या चित्रवहीने येत नाही.

मोजमापाचे तसेच आहे. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली ही मापे व्यवहारातून गेली असली, तरी भांडी अनेक घरांच्या फडताळांत अजून आहेत. धान्याने भरून ओतून पाहताना दुप्पट, निमपट आणि चौथा हिस्सा या कल्पना मूल डोळ्यांनी पाहते व हातांनी तोलते. चिंचोके, सागरगोटे, कवड्या ही तर मोजणीची जुनीच साधने आहेत. ठिपक्यांची रांगोळी काढताना ओळीत सात ठिपके आणि अशा सात ओळी मांडणारी आजी नातीला नकळत पाढ्यांच्या दाराशी नेऊन उभी करते.

मराठीतील संख्यानामांचा येथे स्वतंत्र उल्लेख करावयास हवा. ‘सदुसष्ट’ असे ऐकताना मुलाला सात आधी आणि साठ नंतर कळतात. लिहिताना मात्र सहा आधी, सात नंतर. शिवाय शंभरपर्यंतचे जवळजवळ प्रत्येक नाव वेगळे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ सात’ अशी जोडीची मांडणी आली, तेव्हा राज्यभर वाद झडला आणि तो विधिमंडळातही पोहोचला. वादातील बाजू कोणतीही घ्यावी, मुलाची अडचण खरी आहे आणि तिच्यावरील उपाय घरातही आहे. दहा काड्यांची एक जुडी बांधावी, अशा सहा जुड्या व सात सुट्या काड्या मांडाव्यात आणि मग ‘सदुसष्ट’ म्हणावे. कडब्याच्या पेंढ्या शेकड्याने मोजणाऱ्या आणि हिशेबात कधी न चुकणाऱ्या शेतकऱ्याला जुडीचे हे तत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. आपल्याला येते ते गणितच आहे, एवढेच त्याला कोणीतरी सांगावयास हवे.

याउलट ज्या घरांना हे परवडते तेथे निराळीच घाई दिसते. मूल तीन वर्षांचे होत नाही तोच ‘आज पाटीवर काय काढले?’ असे बालवाडीच्या ताईंना विचारले जाते. हाताची चिमट तयार होण्याआधी अक्षरे गिरविण्याची सक्ती केल्याने अक्षर सुधारत नाही. मुलाला अक्षरांची धास्ती मात्र बसते. जी बालवाडी घरचा अभ्यास देते ती चांगली, हा समज शहरांतून आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला आहे. तो वेळीच आवरलेला बरा. भ्रमणध्वनीच्या पडद्याचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या बालकाला पडद्यापुढे बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी ही मर्यादा दिवसाला एक तासाची आहे. घास भरविताना हाती दिलेला भ्रमणध्वनी आईचे काम सोपे करतो खरा, परंतु त्या वेळी मुलाशी झाला असता तो संवाद नाहीसा होतो.

घरची बोली

बोलणे हे घरच्या शिक्षणातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचे साधन होय. गोष्ट सांगताना मध्येच थांबून ‘मग काय झाले असेल?’ असे विचारणारी आजी मुलाला अनुमान करावयास शिकविते. अंगाई, बडबडगीते, कोडी यांतून मुलाच्या कानाला शब्दांतील ध्वनी वेगळे करण्याची सवय लागते आणि वाचनाची पायाभरणी त्यावरच होते. हे काम कोणत्या भाषेत चालते, हा प्रश्न येथे गौण आहे. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी, सातपुड्यातील भिली वा पावरी घरांत आईने आपल्याच बोलीत मुलाशी भरपूर बोलावे. ‘घरी मराठीत बोला म्हणजे मूल शाळेत मागे पडणार नाही’ असा सल्ला काही शिक्षक सद्हेतूने देतात. त्याचा परिणाम उलटा होतो. न येणाऱ्या भाषेत आई चार शब्द बोलते आणि मग गप्प बसते. ज्या मुलाजवळ स्वतःच्या बोलीत शब्दांचा भरपूर साठा आहे, ते दुसरी भाषा अधिक सहज उचलते. कोरकू ही तर मराठीहून सर्वस्वी भिन्न भाषाकुलातील भाषा आहे. तेव्हा तेथे शिक्षकानेच पन्नास-शंभर कोरकू शब्द शिकून घेणे अधिक न्याय्य ठरेल.

आईचा अर्धा तास

इथवर जे सांगितले त्याला पैसा फारसा लागत नाही, परंतु वेळ लागतो. खरी टंचाई येथेच आहे. पहाटे पाणी, मग सरपण, स्वयंपाक, दिवसभर मजुरी आणि परतल्यावर पुन्हा चूल, असा ज्या स्त्रीचा दिवस जातो तिला ‘मुलाशी खेळा’ असे सांगणे सोपे आहे. ऊसतोडीच्या फडावर नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते व उचल त्या हिशेबाने दिली जाते. बीड व लगतच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास निघालेल्या या कुटुंबांबरोबर लहान मुलेही जातात. शाळेत जाणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय गावी होऊ शकते, परंतु अंगावर पिणाऱ्या मुलाला मागे ठेवता येत नाही. ते फडाच्या कडेला पाचटावर निजते आणि त्याला सांभाळण्यासाठी आठ-नऊ वर्षांची बहीण शाळा सोडून सोबत येते. एका बालकाच्या दुर्लक्षाबरोबर दुसऱ्याचे शिक्षणही बुडते.

कोसबाडला ही गाठ ओळखली गेली होती. तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवण्यात आल्या. थोरली बहीण धाकट्याला घेऊन येई, त्याला पाळणाघरात सोडी आणि स्वतः वर्गात बसे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यातही, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करण्याची तरतूद करण्यात आली होती. कागदावरील तरतूद व कामावरील सावली यांत किती अंतर पडते, हे ज्यांनी अशी कामे पाहिली आहेत त्यांना सांगावयास नको.

म्हणूनच गावातील नळपाणी, पिठाची गिरणी, धूर न करणारी चूल या बाबींची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात बांधकाम वा पाणीपुरवठा या सदरांत होत असली, तरी त्यांचा हिशेब बालशिक्षणाच्या खात्यातही धरावयास हवा. नळ दारात आल्याने वाचलेल्या अर्ध्या तासात आई मुलाला मांडीवर घेऊन बसू शकते. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. तिचा विनियोग साहित्याच्या खरेदीवर उरकून टाकण्याऐवजी सुगीच्या दिवसांत चालणाऱ्या एखाद्या पाळणाघरावर झाला, तर त्याचा लाभ अनेक घरांना मिळेल. वडिलांचा वाटाही येथेच येतो. पारावर निघणारा संध्याकाळचा वेळ हा घरातील मुलाच्या वाट्याचा आहे, हे गावातील पुरुष पुढाऱ्यांनी सांगितले, तर ते अधिक ऐकले जाईल.

अंगणवाडीतील पालकसभा आजही बहुतेक ठिकाणी सकाळी अकराच्या सुमारास भरते. त्या वेळी आया रानात असतात आणि सभेला येतात त्या बहुधा आज्या. ही सभा महिन्यातून एकदा दिवेलागणीनंतर, एखाद्या घराच्या ओट्यावर भरविण्यास सेविकेला मुभा द्यावी. त्या वेळेचा तिला मोबदला द्यावा आणि पर्यवेक्षिकेने भेटीची नोंद करताना इमारतीतील सभेइतकीच या ओट्यावरच्या सभेची नोंद ग्राह्य धरावी. सभेत भाषण नको. सूप, मूठभर कडधान्य, दोन रिकाम्या वाट्या आणि गावातलीच दोन मुले एवढे साहित्य पुरे, आणि करून दाखवावयास सेविकेऐवजी एखादी आईच पुढे आली, तर उत्तमच.